रद्दीतली रॉकेटे

नवरात्र उलटले की घरोघरच्या गृहिणी पदर खोचून माळ्यावर चढतात आणि रद्दीवाल्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. जुनी मासिके, मुलांच्या संपलेल्या वह्या, कोणा दिवंगत मामांची कायद्याची पुस्तके, सारे एकाच तराजूत बसते. फराळाइतकीच ही साफसफाई आपल्याकडे पवित्र मानलेली आहे. या पंधरवड्यात माझीही लगबग चालू असते, पण ती वेगळ्या कारणाने. माझ्या छंदाचा हा हंगाम! कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी नाणी, कोणी अडकित्ते. मी सरकारी अहवाल जमवतो. तेही जुने, दुसऱ्याने वापरून टाकून दिलेले, आणि विज्ञान, अवकाश व संरक्षण या तीनच विषयांवरचे.

हे ऐकल्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात ते मला आता पाठ झाले आहेत. सरकारी अहवाल ही वस्तू लिहिणाऱ्यानेसुद्धा वाचायची नसते, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. ‘जावईबापू सरकारी कागद विकत घेतात’ ही बातमी आमच्या सौ.च्या माहेरी बरीच वर्षे करमणुकीला पुरली. विकत घेतात, आणि तेही किलोवर! गेल्या चाळीसेक वर्षांत या छंदापायी मी जेवढा खर्च केला तेवढ्यात एखादी बरी पैठणीसुद्धा आली नसती, हे मी तिला अनेकदा हिशेबाने पटवून दिले आहे. हिशेब तिला पटतो. जागेचा प्रश्न मात्र राहतो. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चंद्रावरच्या स्वारीचे कागद ठेवायचे कोठे?

हे अहवाल रद्दीत येतात तरी कसे, असे पुष्कळजण विचारतात. एखादे ग्रंथालय जागा बदलते किंवा नुसतेच कंटाळते आणि ‘बाद’ असा शिक्का मारून पोतीच्या पोती बाहेर काढते. एखादे निवृत्त अधिकारी वारतात. मुले परदेशी असतात. फ्लॅट विकायचा असतो, आणि वडिलांनी पन्नास वर्षे जपलेले कपाट दुपारी दोन ते चार या वेळात रिकामे होते. अशा कपाटातून आलेली पुस्तके मला हात लावताच ओळखू येतात. त्यांत पेन्सिलीने समासात टिपा असतात, वर्तमानपत्राची कात्रणे असतात, आणि कोठेतरी डांबरगोळीचा वास असतो. मुंबईत हुतात्मा चौकातले फुटपाथ हे माझे मुख्य तीर्थक्षेत्र होते. २००५ साली महापालिकेने तेथली बरीच दुकाने उठवली आणि तीर्थ आटले. माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी अजून थोडे मिळते. पुण्याला गेलो की बुधवार-रविवारचा जुना बाजार चुकवत नाही.

त्या जुन्या बाजारातच, एका गंजलेल्या पितळी स्टोव्हाखाली, माझ्या संग्रहातली सर्वांत वडीलधारी वस्तू मला सापडली: प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा अहवाल. नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवीत आणि तेथली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा चालवीत. वीस इंची आरशाची त्यांची दुर्बीण त्या काळी हिंदुस्थानातली सर्वांत मोठी होती. पुढे वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. ग्रहण पाहण्यासाठी त्यांनी तळ ठोकला तो सोलापूरच्या वाटेवरच्या जेऊर स्टेशनाजवळ. कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेलही अर्धे जग ओलांडून तेथेच आले होते. अहवाल मुंबईच्या सरकारी छापखान्यात छापला गेला तो १९०२ साली. आज आगगाडी जेऊरला थांबते तेव्हा डब्यातले लोक चहावाल्याला हाक मारतात. मी खिडकीतून त्या माळाकडे बघतो, आणि आमची सौ. माझ्याकडे बघते.

त्या अहवालाने मला एक वाईट खोड लावली: ऐकीव गोष्ट कागदाशी ताडून पाहायची. विजयदुर्गाच्या किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि १८६८ च्या ग्रहणात लॉकयरसाहेबाने येथूनच हेलियमचा शोध लावला असे सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चे ते ग्रहण आपल्या देशातून दिसले हे खरे. फ्रेंच ज्योतिषी जान्सेन ते पाहायला गुंटूरला आला होता. एक इंग्रज पथक विजापुरास होते, दुसरे जमखिंडीस. पण लॉकयर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट त्याने २० ऑक्टोबरला, ग्रहणावाचून, आपल्या देशात बसून पाहिला. तो विजयदुर्गावर आला १८९८ साली, तीस वर्षांनी. ब्रिटिश आरमारी नौकेवरच्या खलाशांना त्याने तेथे निरीक्षणाच्या कामाला लावले होते, आणि याची हकीकत त्याने स्वतःच छापून ठेवली आहे. कट्ट्यांचे महत्त्व याने कमी होत नाही. पण हे सांगितल्यापासून कोकणातल्या एका स्नेह्याच्या घरी मला सोलकढी थोडी पातळ मिळते, असा माझा संशय आहे.

अणुबाँबच्या कागदांची गोष्ट याहून रंगतदार आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमा बेचिराख झाले आणि त्याच आठवड्यात, १२ ऑगस्टला, बाँब कसा तयार केला याचा सरकारी अहवाल अमेरिकेने प्रसिद्ध केला! प्रिन्स्टनचे पदार्थवैज्ञानिक हेन्री स्मिथ यांनी तो लिहिला होता. पहिल्या हजार प्रती युद्धखात्याने गुप्तपणे छापून घेतल्या. गुप्तता अशी, की ‘अ‍ॅटॉमिक बाँब्ज’ हे नाव मुखपृष्ठावर छापायचेच नाही, आयत्या वेळी रबरी शिक्क्याने उमटवायचे, असे ठरले; आणि आयत्या वेळच्या धांदलीत शिक्का मारायचा राहून गेला. म्हणून जगाला तो अहवाल ‘अ‍ॅटॉमिक एनर्जी फॉर मिलिटरी पर्पजेस’ या लांबलचक उपनावानेच ठाऊक आहे. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत मुहूर्त छापायचा राहतो, त्यातलाच प्रकार.

माझ्याकडे आहे ती सप्टेंबर १९४५ ची, प्रिन्स्टन विद्यापीठाच्या छापखान्याची आवृत्ती. चौदा रुपयांना घेतली. घेताना वाटले, मजकूर तोच, आवृत्ती कोणती याने काय बिघडते? पुढे वाचनात आले की मजकूर तोच नाही. पहिल्या हजार प्रतींत एक वाक्य होते. हॅनफर्डच्या अणुभट्टीत विखंडनातून निघालेल्या द्रव्यांनी अचानक ‘विषबाधा’ केली आणि भट्टी जवळजवळ बंद पडायची वेळ आली, अशा अर्थाचे. ही द्रव्ये न्यूट्रॉन गिळून टाकतात, मग भट्टी गुदमरते. चूल पेटवावी आणि तिच्याच राखेने ती विझावी, तसे. प्रिन्स्टनच्या आवृत्तीत ते वाक्य काढून टाकलेले आहे. पण रशियन भाषांतरात ते होते. म्हणजे कोणीतरी मॉस्कोत दोन्ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली होती. वाक्य गाळल्यामुळेच ते महत्त्वाचे आहे हे त्यांना कळले! छापून बाहेर गेलेला कागद परत बोलावता येत नाही, हे त्या दिवशी माझ्या मनात पक्के बसले. माझ्या प्रतीत ते वाक्य नाही म्हणून तीच प्रत मला अधिक प्रिय झाली आहे. सौ.ला हे समजावून सांगण्याचा प्रयत्न मी सोडून दिला.

परदेशी अहवालांचे कौतुक पुरे. आपल्या सरकारनेही एक पुस्तक असे काढले आहे की त्यासाठी मी फुटपाथवर भर पावसात छत्री टाकून उकिडवा बसलो होतो. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला आणि त्याची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी नौकेवरच्या २३ कोळ्यांवर पडली. महिन्याभरात पंडित नेहरूंनी लोकसभेत असे स्फोट थांबवा म्हणून आवाहन केले. नुसते आवाहन करून ते थांबले नाहीत. संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार डॉ. दौलतसिंह कोठारी यांना त्यांनी या स्फोटांच्या परिणामांचा अभ्यास करायला सांगितले. तो अभ्यास १९५६ साली प्रकाशन विभागाने ‘न्यूक्लिअर एक्स्प्लोजन्स अँड देअर इफेक्ट्स’ या नावाने छापला, प्रस्तावना नेहरूंची. स्वतःजवळ एकही बाँब नसलेल्या देशाच्या संरक्षण खात्याचा सल्लागार सामान्य वाचकाला स्ट्राँशियम-९० म्हणजे काय ते सांगतो आहे! हे द्रव्य शरीराला कॅल्शियमसारखेच भासते. राखेतून गवतात, गवतातून दुधात आणि दुधातून लहान मुलांच्या हाडांत जाऊन बसते. मी ते पान रात्री मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा सौ. दूध तापवत होती. तिने गॅस बारीक केला आणि म्हणाली, “हे पुस्तक तुम्ही रद्दीत घेतलंत? टाकलं कोणी?” तिने माझ्या संग्रहाची अशी बाजू घेतल्याचे ते पहिलेच उदाहरण.

याच विषयावरचे अमेरिकन पुस्तक, सॅम्युअल ग्लासस्टन यांनी संपादित केलेले, माझ्याकडे १९६२ च्या आवृत्तीत आहे. सातशेच्या वर पाने, आकृत्याच आकृत्या. त्याच्या मागच्या पुठ्ठ्याला एक खिसा असतो आणि त्या खिशात प्लॅस्टिकची गोल फिरती तबकडी. बाँब केवढा आणि आपण किती मैलांवर, हे दोन आकडे जुळवले की घर पडेल की नुसत्या काचा फुटतील, कातडी भाजेल की नाही, हे खिडकीतून वाचता येते. पंचांगातला ग्रहयोग पाहावा तसे. जुन्या बाजारात हे पुस्तक मिळते, तबकडी मिळत नाही. पोरे खेळायला काढून घेतात. माझ्या प्रतीचाही खिसा रिकामा होता. सहा वर्षांनी दुसरी प्रत मिळाली, तिला पुठ्ठे नव्हते, निम्मी पाने कसरीने खाल्लेली, पण तबकडी शाबूत. रद्दीवाल्याने दोन्हींचे वजन एकच धरले.

कोठारींचे पुस्तक आणि ग्लासस्टन यांचे, मी शेजारी शेजारी ठेवतो. विषय एक, आकडे बहुतेक तेच. एक वाचून माणसाला वाटते की हे होऊ नये. दुसरे वाचून वाटते की झाले तर कसे निभवावे. दोन्ही सरकारांनी लोकांसमोर ठेवले, हे मला मोठे वाटते.

आता अपोलोकडे वळतो. अमेरिकेच्या अवकाश संस्थेचे, नासाचे, ग्रंथ हे या छंदातले हापूस आंबे. त्यांचा कागद जाड, छपाई देखणी, आणि मूळ किंमत अगदी माफक. सरकारी छापखाना नफ्यासाठी छापत नसे. १९७५ चे ‘अपोलो एक्स्पिडिशन्स टू द मून’ हे माझे लाडके. त्याचे संपादक एडगर कॉर्टराइट, म्हणजे अपोलो-१३ च्या अपघाताची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष. त्या चौकशीचा १९७० सालचा अहवालही माझ्याकडे आहे, आणि मराठी घराघरांत तो वाचला जावा असे मला मनापासून वाटते. कारण ती गोष्ट रॉकेटची कमी आणि बंबाची जास्त आहे.

अपोलो-१३ ११ एप्रिल १९७० ला निघाले. दोन दिवसांनी, पृथ्वीपासून सुमारे सव्वातीन लाख किलोमीटरवर, त्याची प्राणवायूची दोन क्रमांकाची टाकी फुटली. का फुटली? टाकीत तापक होते, आणि तापमान ठरावीक मर्यादेवर गेले की ते बंद करणारे लहानसे स्वयंचलित बटण होते. हे बटण २८ व्होल्टसाठी बनवलेले. १९६५ साली टाकीच्या कराराच्या अटींत बदल झाला: उड्डाणतळावर ६५ व्होल्टचा वीजपुरवठा वापरला जाईल, त्याला टिकेल असे करा. बाकीचे सारे बदलले. बटण बदलायचे राहिले, आणि ते राहिले आहे हे कोणत्याही तपासणीत कोणाच्या लक्षात आले नाही. पुढे १९६८ साली ही टाकी काढता-घालताना ज्या फळीवर बसवली होती ती दोनेक इंच खाली आदळली. वरून काही दिसले नाही. मार्च १९७० मध्ये चाचणीनंतर टाकी रिकामी होईना, म्हणून तापक तासन् तास चालू ठेवून प्राणवायू उकळून काढायचे ठरले. ६५ व्होल्टच्या प्रवाहाने बटणाची टोके चिकटून गेली आणि ते उघडलेच नाही. आतल्या नळीचे तापमान हजार फॅरनहाइटपर्यंत गेले असावे, असे समितीने काढले. मग तळावरच्या लोकांना ते दिसले कसे नाही? त्यांच्यासमोरच्या तापमापकाचा काटाच ८० अंशांच्या आसपास संपत होता! त्यापुढे जायची गरज कधी पडेल असे तो बनवणाऱ्याला वाटले नव्हते. काटा शेवटच्या रेघेवर स्वस्थ उभा, आणि आत तारांवरचे आवरण जळून तारा उघड्या पडलेल्या. तशी ती टाकी चंद्राकडे निघाली. वाटेत प्राणवायू ढवळायचा पंखा लावला, ठिणगी उडाली, संपले.

लव्हेल, स्वायगर्ट आणि हेझ हे तिघे चांद्रयानाचा आसरा घेऊन सुखरूप परतले, ती शर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यावर चित्रपटही निघाला. मला त्या शर्थीपेक्षा अहवालाची भाषा अधिक थक्क करते. त्यात कोणाला फासावर दिलेले नाही आणि कोणाला पाठीशीही घातलेले नाही. अमुक साली अमुक कागदावर अमुक बदल लिहिला गेला. अमुक वस्तू बदलली नाही. अमुक ठिकाणी कोणी विचारले नाही. सरळ, थंड, तारीखवार. आमच्याकडे गीझर जळाला होता तेव्हा मिस्त्रीने “साहेब, वरूनच करंट जास्त आला” एवढेच सांगून पैसे घेतले होते. अपोलोची हकीकत ऐकल्यावर सौ.ने त्या मिस्त्रीला पुन्हा बोलावले आणि विचारले, “थर्मोस्टॅट किती व्होल्टचा घातलात?” तेव्हापासून तो आमच्या इमारतीत जिन्याने जातो-येतो तो आमचा मजला चुकवून.

असाच अहवाल चॅलेंजरचा. २८ जानेवारी १९८६ ला ते यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटले आणि सातजण गेले. रॉजर्स आयोगाच्या पाच खंडांपैकी पहिला मला माटुंग्याला मिळाला. पण माझा डोळा दुसऱ्या खंडावर होता. त्यात रिचर्ड फाइनमन यांनी स्वतंत्रपणे लिहिलेले परिशिष्ट आहे. अपघाताचा संभव किती, असे त्यांनी विचारत नेले तेव्हा इंजिनियर म्हणाले, शंभरात एक. व्यवस्थापक म्हणाले, लाखात एक. लाखात एक म्हणजे तीनशे वर्षे रोज एक उड्डाण केले तर एखादे यान जाईल, असा हिशेब त्यांनी मांडून दाखवला. त्या खंडासाठी मी अकरा वर्षे हिंडलो. अखेर मिळाला, घरी आणला, उघडला, आणि नेमके तेच परिशिष्ट कोणीतरी ब्लेडने कापून नेलेले! चोराची निवड चोख होती, एवढे म्हणावे लागेल. मग एका स्नेह्याकडच्या प्रतीवरून झेरॉक्स काढून बाइंडरकडून शिवून घेतली. कल्पना चावला ज्यात गेली त्या कोलंबियाच्या २००३ सालच्या अहवालाचा पहिला खंड याच्याशेजारी आहे. इंधनटाकीवरचा फेसाचा तुकडा डाव्या पंखावर आदळला, हे त्यात आहेच. पण चौकशी मंडळाने तेवढ्यावर न थांबता लिहिले की चॅलेंजरच्या वेळी संस्थेत जे दोष दिसले होते ते सतरा वर्षांनी तसेच आहेत. दोन्ही वाचलेल्याला तो भाग वाचताना पुढचे वाक्य आधीच कळते.

“बाबा, हे सगळं आता फुकट मिळतं की मोबाइलवर,” असे आमचे चिरंजीव म्हणतात. खरे आहे. पुष्कळसे मिळते आणि मीही वापरतो. पण एक तर यंत्राने प्रत काढणाऱ्याने घडीचे नकाशे उलगडण्याचे कष्ट घेतलेले नसतात. पडद्यावर दिसते ती नुसती घडीची पाठ. दुसरे असे, की मार्च २०१३ मध्ये नासाने आपल्या तांत्रिक अहवालांचे सारे भांडार एका दिवसात जनतेला बंद केले. काही गोपनीय तर त्यात गेले नाही ना, हे तपासायचे होते. काही आठवड्यांनी पुन्हा उघडले, पण त्या काळात जगभरचे अभ्यासक बंद दारापुढे बसले होते. माझी ट्रंक त्या आठवड्यांतही उघडत होती. २००१ च्या ऑक्टोबरात अमेरिकन सरकारने आपल्याच ग्रंथालयांना, पिण्याच्या पाण्याच्या साठ्यांविषयी आधी वाटलेली एक तबकडी नष्ट करा म्हणून कळवले होते. आणि त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून, एकदा खुले केलेले सुमारे ५५ हजार पानांचे कागद हळूच फडताळावरून मागे घेतल्याचे २००६ साली उघडकीस आले. कारणे असतील, काही योग्यही असतील. पण फुटपाथवर चौदा रुपयांना विकला गेलेला कागद मागे घ्यायला कोणी येत नाही.

आपल्याकडे प्रश्न मागे घेण्याचा नसतो. मुळात बाहेर देण्याचा असतो. १९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली आणि १९६३ साली अहवाल दिला. हिमालयाच्या मदतीला धावलेले आपले यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री. २ सप्टेंबर १९६३ ला त्यांनी लोकसभेत त्यावर निवेदन केले. ते निवेदन छापील मिळते, मी जपून ठेवले आहे. अहवाल सरकारने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ साली नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने इंटरनेटवर टाकला, तेव्हा आपल्या युद्धाचे कागद आपल्याला परक्याकडून वाचावे लागले. कारगिलच्या वेळी मात्र निराळे घडले. के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे आला आणि पुस्तकरूपाने दुकानात विकायलाही आला. सुरक्षेसाठी काही मजकूर गाळला आहे, पण गाळला आहे हे कळते. मला हे पटते. घरातही वडिलांनी “हे तुला आत्ता सांगत नाही” म्हणणे आणि काही घडलेच नाही असे दाखवणे यात फरक असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये चंद्रावर उतरताना आपले ‘विक्रम’ कोसळले. २०२३ साली पुढचे यान तेथे दिमाखात उतरले. मधल्या चार वर्षांत काय चुकले आणि काय सुधारले, याची माहिती भाषणांतून आणि मुलाखतींतून थोडीथोडी मिळाली. अपोलो-१३ सारखा सबंध अहवाल, बांधणी केलेला, विकायला ठेवलेला, असा मला कोठे दिसला नाही. दिसला तर मी तो रद्दीत येईपर्यंत थांबणार नाही, नवा घेईन, पूर्ण किमतीला.

गोपनीयतेवरून आठवले. एकदा आमच्या ओळखीच्या रद्दीवाल्याने मोठ्या ऐटीत मला आतल्या खोलीत नेले. “साहेब, तुमच्यासाठी खास ठेवलंय.” सायक्लोस्टाइल केलेला गठ्ठा, आणि वरच तांबडा शिक्का. मी चष्मा सारखा केला, शिक्का वाचला आणि गठ्ठा तसाच खाली ठेवला. १९२३ चा गोपनीयतेचा कायदा अजून जिवंत आहे, आणि माझा छंद प्रसिद्ध झालेल्या कागदांचा आहे. “हे जिथून आलं तिथं आजच्या आज परत दे,” असे मी त्याला सांगितले. त्याने दिले, पण चेहऱ्यावर असे भाव, की पेढे देऊन कोणी डबा परत करावा.

संग्रह आता सहाशेच्या पुढे गेला आहे. एका ग्रंथालयाला पत्र लिहून विचारले, घेता का? उत्तर आले, घेऊ; पण यादी विषयवार करून द्या, नाहीतर आमच्याकडेही तो पोत्यातच राहील. उत्तर प्रामाणिक होते, म्हणून यादी सुरू केली. सातवीतली नात रोज संध्याकाळी कार्डे लिहायला बसते. जंग चढलेल्या टाचण्या काढायच्या, पावसाळ्यात चिकटलेली पाने सुरीच्या पात्याने सोडवायची, घडीचे नकाशे मोजायचे, कामे तिला आवडतात. अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. परवा कोठारींच्या पुस्तकापाशी ती अडली. संरक्षणाच्या खोक्यात घालू का विज्ञानाच्या, म्हणून तिने विचारले. मी म्हटले, तू वाच आणि तूच ठरव. दोन दिवस ते पुस्तक तिच्या दप्तराशेजारी होते. तिसऱ्या दिवशी तिने एक नवे खोके मागितले आणि त्यावर निळ्या शाईने लिहिले: ‘आरोग्य’.